आक्का, पाकळी उजवी पडली होती

आक्का,

काल तुमची खोली झाडायला घेतली. घेतली म्हणजे काय, केरसुणी हातात धरून दारातच बसून राहिले. बारावा होऊन पाच दिवस झाले, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि घरात आता मी आणि हे, दोघंच उरलो. कपाटाच्या वरच्या खणात तुमचा तो तपकिरी स्वेटर होता, डांबरगोळ्यांचा वास मारणारा. आपल्या सर्वणसारख्या उकाड्याच्या गावात स्वेटर लागतो कुणाला? आंबोलीला जायचं असलं की तेवढा तो बाहेर निघायचा, एक दिवस उन्हात पडायचा आणि परत आत. मी तो नुसता हातात घेतला आणि जिथल्या तिथे ठेवला. तुम्ही असता तर नक्की ओरडला असता की उन्हात तरी घाल, बघत काय बसलीस.

तुमच्याबद्दल सगळी डिचोली चांगलंच बोलते आहे. मामलेदार कचेरीतल्या तुमच्या जुन्या सोबतिणी आल्या होत्या. आक्कांच्या टेबलावर कधी कागद तुंबला नाही, आक्कांनी कधी कुणाला उगाच फेरी मारायला लावली नाही, असं एकेक सांगत होत्या आणि मी मान हलवत होते. त्यांची आक्का मला फारशी ठाऊक नव्हती. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण म्हणून तुम्ही माझ्या वाट्याला आलात, आणि पहिली सात-आठ वर्षं मी तुम्हाला फक्त घाबरूनच होते. माझी आक्का मला भेटली ती घाटात. चाळिशी उलटल्यावर गाडी शिकलेली, वळणावर गिअर बदलताना जीभ दातांत धरणारी. मी देवीचा धावा सुरू केला की समोरच्या काचेतून नजर न हलवता म्हणणारी, "देवी सर्वणां रावली गो. हांगा स्टेअरिंग म्हज्या हातांत आसा."

पहिल्यांदा निघालो तेव्हा तिघं होतो, आठवतं? तुमची ती सेकंड हँड मारुती, पुढे तुम्ही दोघं बहीणभाऊ, मागे मी आणि डब्यांची पिशवी. दाणोली सुटली, घाट सुरू झाला आणि चौथ्या वळणावर ह्यांचा चेहरा हळदीसारखा पिवळा झाला. त्यांना गाडी लागते हे मला लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी माहीत नव्हतं, कारण डिचोली सोडून ते कुठे जातच नव्हते. तुम्ही गाडी उलटी फिरवून त्यांना दाणोलीत एका चहाच्या टपरीवर बसवलंत, हातात लिंबू दिलंत, आणि मला वाटलं आता घरी. तर तुम्ही मला पुढच्या सीटवर बसायला सांगितलंत. सख्ख्या भावाला रस्त्यात टाकून ही बाई सहलीला चालली, मी मनात म्हटलं. संध्याकाळी परत येऊन बघतो तर ह्यांनी टपरीवाल्याशी गट्टी जमवून पत्ते मांडले होते. त्या दिवसापासून आंबोली आपल्या दोघींची झाली.

मी मांद्र्याची, समुद्राकाठची. थंडी म्हणजे काय ते मला कुठून कळणार? आमच्याकडे पौषात जरा वारा सुटला की आई कानाला फडकं बांधायची, तेवढीच आमची थंडी. आंबोलीला पहिल्यांदा दात वाजायला लागले तेव्हा मला ताप आला असं वाटलं आणि मी तुम्हाला कपाळाला हात लावून बघायला सांगितलं. तुम्ही इतक्या हसलात की शेजारच्या कठड्यावरची माणसं वळून बघायला लागली. कचेरीतल्या सोबतिणींना तुमचं ते हसू सांगितलं तर त्यांचा विश्वास बसणार नाही.

वर्षातून चार वेळा जायचं हा तुमचा नियम. भर पावसात एकदा, दसरा झाला की एकदा, पौषात एकदा आणि काजूच्या दिवसांत एकदा. पोदेराकडून आदल्या दिवशी पावाचे उंडे आणायचे, सकाळी उठून बटाट्याची सुकी भाजी करायची, थर्मासात चहा भरायचा. काजूचे दिवस असले की लाटंबार्सेला तुमच्या मैत्रिणीच्या बागेत थांबायचं, तिच्याकडून बाटलीभर नीरो, बोंडांचा ताजा रस, घ्यायचा आणि दोडामार्ग यायच्या आतच मी तो अर्धा संपवायचा. मला विचाराल तर आंबोली पावसातली. धुक्यात आपलाच हात दिसत नाही, धबधब्याचं पाणी अंगावर उडतंय, भाजलेल्या कणसाचा धूर डोळ्यांत जातोय, ह्याला म्हणतात मजा. तुम्हाला ती गर्दी सहन व्हायची नाही. गाड्यांतून गाणी लावून नाचणारी पोरं दिसली की तुम्ही काच वर करायच्या. तुमचं म्हणणं, जो फक्त पावसात येतो त्यानं धुकं बघितलं, आंबोली बघितलीच नाही. एप्रिलात सगळं भुरं पडलेलं असतं, करवंदं पिकलेली असतात, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, तेव्हा तुम्ही कठड्यावर पाय लांब करून बसायच्या आणि तासभर बोलायच्या नाहीत. मी कंटाळून करवंदं वेचायला जायची.

आणि त्या कठड्यावरचं आपलं भांडण. हवा स्वच्छ असली की खाली लांबवर समुद्राची रेघ दिसते. मी म्हणायची, तो बघा मांद्र्याचा समुद्र, आणि तुम्ही म्हणायच्या, "ती वेंगुर्ल्याची बाजू गो. मांद्रें हांगासून दिसना." कचेरीत आयुष्यभर नकाशे चाळलेली बाई तुम्ही. एकदा तर नकाशाच घेऊन आलात आणि पेन्सिलीनं रेघ मारून दाखवलीत. मी म्हटलं, नकाशा चुकला असेल, माझ्या माहेरचं पाणी मी ओळखते. पुढे पुढे मलाही ठाऊक झालं होतं की तुमचं बरोबर आहे. पण तुम्ही चिडून लाल व्हायच्या ते मला बघायचं असायचं, म्हणून मी हट्ट सोडला नाही. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. कदाचित ठाऊक असेल.

दुसरं भांडण मात्र खरं होतं. एवढ्या वर्षांत आपण एकदाही तिथे राहिलो नाही. अकराला पोचायचं आणि चारला निघायचं, कारण तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा लावायला मी घरी हवी. दर वेळी निघताना तुम्ही म्हणायच्या, "एक रात रावया गो वैनी. थंयची सकाळ बघूंया." घाटात उन्हं कुठून वर येतात, दव कसं पडतं, तिथली माणसं दारं कधी उघडतात, हे तुम्हाला बघायचं होतं. बाकी तुम्ही माझ्याकडे आयुष्यात काहीच मागितलं नाहीत, उलट मीच मागत आले. माझ्या मुलीचं शिक्षण तुम्ही बघितलंत, माझ्या आईच्या आजारपणात रजा काढून मांद्र्याला जाऊन राहिलात. आणि मी तुम्हाला एक सकाळ देऊ शकले नाही. सासूबाई होत्या तोवर त्यांचं कारण होतं. त्या गेल्यावर ह्यांच्या जेवणाचं कारण झालं. खरं म्हणजे दोन बायका हॉटेलात राहिल्या तर शेजारी काय म्हणतील, ह्याचीच मला भीती. तुम्ही ते ओळखून म्हणायच्या की बाबूला, म्हणजे ह्यांना, एक दिवस भात लावता येत नसेल तर त्याला पुन्हा शाळेत घालूया. मी हसायची आणि गाडीत बसायची.

गेल्या वर्षी तुमचं चालणं मंदावलं. देवळाची पाच पायऱ्यांची चढण, पण तिसऱ्या पायरीवर तुम्ही कोणाशी तरी बोलायचं निमित्त काढून थांबायच्या. डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाची ताकद कमी झाली आहे. गाडी चालवणं बंद झालं आणि तुम्ही किल्ली स्वतः आणून ह्यांच्या हातात दिलीत. तेव्हा तुम्ही रडला नाहीत, मी मागीलदारी जाऊन रडले. ह्या वर्षीचा पाऊस आपण सोप्यावर बसूनच काढला.

चवथ झाली, गणपती गेले, आणि दुसऱ्याच दिवशी जेवताना तुम्ही म्हणालात की मला आंबोलीला जायचंय आणि एक रात्र राहायचंय. ह्यांनी तर ताट सारलं. चार दिवस घरात नुसती धुसफूस. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, दगदग नको, पण त्यांच्या मनात फारच असेल तर गाडीनं न्या, गोळ्या बरोबर ठेवा, एका रात्रीनं काही होत नाही. ह्यांना त्यातलं "दगदग नको" एवढंच ऐकू आलं, आणि तुम्हाला "एका रात्रीनं काही होत नाही" एवढंच. मी मध्ये, दोघांना आमटी वाढत. कोणाची बाजू घेतली नाही, आणि त्या दिवसांत गप्प राहिल्याबद्दल मनात स्वतःला शहाणीही समजत होते.

पाचव्या दिवशी तुम्हीच तोडगा काढलात. "देवीक विचारा," तुम्ही म्हणालात. "ती सांगता तशें करूंया."

आम्ही दोघंही तुमच्याकडे बघतच राहिलो. ह्या घरात विहीर खणायची तरी कौल, मुलीचं स्थळ बघायचं तरी कौल, आणि दर वेळी सगळे देवळात गेले की तुम्ही सोप्यावर पेपर वाचत बसलेल्या. फुलाच्या पाकळीला वाऱ्यानं पडायचं असतं, तिला तुझ्या नातीच्या लग्नाचं काय, असं सासूबाईंच्या तोंडावर म्हणालेल्या तुम्ही. घरातलं भांडण मिटावं म्हणून तुम्ही तुमचा एवढ्या वर्षांचा हेका सोडलात. हे लगेच विरघळले. म्हणाले, उजवा कौल झाला तर मी स्वतः येतो, उलटीची गोळी घेऊन येतो, वाटेत चारदा उतरावं लागलं तरी चालेल. तुम्ही त्यांच्या डोक्यावरून हात फिरवलात. साठीला आलेला माणूस, मान खाली घालून बसला होता.

ह्यांना तुम्हाला घेऊन रक्त तपासायला जायचं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात मी एकटीच गेले. गुरवकाकांनी देवीला आंघोळ घातली, पाण्यानं मूर्तीवर पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं. उजवीकडची आधी पडली तर जावं, डावीकडची पडली तर जाऊ नये. मी हात जोडले आणि डोळे मिटून मनात काय म्हटलं ते आज सांगते. आई, डावी पाड, असं म्हटलं. डोळे उघडायच्या आत उजवी पडली. एरवी अर्धा अर्धा तास ताटकळवणारी देवी, त्या दिवशी तिनं क्षणाचाही विचार केला नाही. गुरवकाका खूश झाले. "आक्काक सांग, खुशाल वच," म्हणाले.

शेताच्या बांधावरून घरी यायला दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत मला सगळं दिसलं. हॉटेलची खोली, बाहेर धुकं, तुमचा श्वास लागलेला, हे घाट लागून अर्धमेले पडलेले, आणि कुठे डॉक्टर, कुठे गाडी ते मला एकटीला ठरवायचं. मग तुम्हाला घेऊन घाट उतरायचा. मग लोक विचारणार, अशा अवस्थेत नेलंच कशाला. वहिनीला अक्कल नव्हती का. आक्का, मी तुमच्या जिवाला घाबरले हे खरं आहे. पण त्याहून जास्त मी त्या प्रश्नाला घाबरले.

तुम्ही दोघं दुपारी आलात. तुम्ही खुर्चीत टेकलात आणि विचारलंत. मी पाणी आणायला वळता वळता डावी म्हणून सांगितलं.

"बरें," तुम्ही म्हणालात. "देवी म्हणटा तशें."

जेवताना तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत. मी ताक घुसळल्यासारखं करत राहिले. रात्री दोरीवरचा स्वेटर तुम्हीच काढलात, घडी केलीत आणि वरच्या खणात ठेवलात. कौलाच्या आधीच तुम्ही तो उन्हात घातला होता हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्या दिवसानंतर आंबोलीचं नाव तुमच्या तोंडून आलं नाही. मी मात्र मनाची समजूत घालत होते की हिवाळा गेला, तब्येत सुधारली की एप्रिलात नेऊ. करवंदांच्या दिवसांत, तुम्हाला आवडते तेव्हा. देवीच्या नावानं खोटं बोलले ते तिच्या पायांवर डोकं ठेवून फेडू, असंही ठरवून टाकलं होतं. लग्न झाल्यापासून एक सोमवार चुकवला नाही मी, आणि तिचा शब्द फिरवताना माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही.

दिवाळीचे फोव तुम्ही बसून चाखलेत. गुळाचे पोहे कमी गोड झालेत म्हणालात, आणि ते खरंच झाले होते. त्याच्या पुढच्या आठवड्यात, सकाळी, सोप्यावरच्या खुर्चीत, चहाचा कप रिकामा करून तुम्ही गेलात. मी आत डोशाचं पीठ ढवळत होते. हाक मारल्याचंही ऐकू आलं नाही. मारली नसेलच.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. बाराव्याला गुरवकाका जेवायला आले होते. हात धुवायला मागीलदारी गेले तेव्हा मी तांब्या घेऊन मागोमाग गेले. मला त्यांच्यापाशी मन मोकळं करायचं होतं, मी काय केलं ते सांगून प्रायश्चित्त विचारायचं होतं. मी तोंड उघडायच्या आधी तेच म्हणाले, "वैनी, एक सांगपाचें उरलां. आक्कान त्याच सांजेक म्हाका फोन केल्लो. विचारलें, पाकळी खंयची पडली? हांवें सांगलें, उजवी. मागीर म्हणाली, हांवें विचारलां तें घरांत कोणाकूच सांगूं नाकात. वैनी भियेल्या."

वहिनी घाबरली आहे. फोनवर एवढंच म्हणालात तुम्ही त्यांना. खोटं बोलली म्हणाला नाहीत.

मी त्यांच्या हातांवर पाणी ओतलं आणि पुसायला पंचा दिला. म्हणजे स्वेटरची घडी करताना तुम्हाला ठाऊक होतं. पुढचा दीड महिना मी तुमची वेणी घातली, तुमच्या पायांना तेल लावलं, रोज सकाळी देवीचा अंगारा तुमच्या कपाळाला लावला, तेव्हाही ठाऊक होतं. तुम्ही कपाळ पुढे करायच्या. पाकळीवर तुमचा कधी विश्वास नव्हता, पण दिलेला शब्द तुम्ही पाळला असता. शब्द मोडला तो विश्वास असलेल्या बाईनं.

त्या संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं चिडतील, निदान भांडं तरी आपटतील. ते उठले आणि खुंटीवरचा शर्ट घेऊन आले. मग म्हणाले, "उजवी म्हणून सांगिल्लें जाल्यार हांव आड येवपाचो नासलों. हांवें गोळ्यो हाडून दवरिल्ल्यो." ते आड आले नसते; खरंच ठेवल्या होत्या आणून, उलटीच्या गोळ्या, शर्टाच्या खिशात. तेव्हापासून ते माझ्याशी नीट बोलतात, जेवण कसं झालंय ते सांगतात, रात्री पांघरूण सारखं करतात. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. तुम्ही दोघं बहीणभाऊ एकाच मुशीतले, माणसाला रागाचीसुद्धा सोय ठेवत नाही.

तुमच्यावर मात्र मी रागावले आहे आक्का, हे सांगितल्याशिवाय कागद मिटणार नाही. चार चार दिवस माझ्यावर नकाशासाठी चिडणारी बाई तुम्ही. कौल उजवा होता हे कळल्यावर एकदा तरी माझा हात धरून म्हणायचं होतं, खोटारडे, ऊठ, चल जाऊया. मला शरम वाटली असती, मी रडले असते आणि मग गाडी बोलावली असती. एक रात्र काय, चार रात्री राहिलो असतो. शेजाऱ्यांना काय म्हणायचं ते म्हणू दिलं असतं. तुम्ही मागितलं असतं तर मी नेलं असतं.

हे वाक्य गेले पाच दिवस मी रोज स्वतःशी म्हणते आहे. आज लिहून काढल्यावर ते वाचलं. आक्का, मी नेलं नसतं. आणखी काहीतरी कारण काढलं असतं. तुम्हाला ते ठाऊक होतं, आणि मला ते तोंडानं बोलावं लागू नये म्हणून तुम्ही मागितलंच नाहीत.